दुसरं कुणी पाहिलं?

रिळांच्या दुकानातल्या बाई ट्यूबलाइटच्या उजेडात दोरा विकत नाहीत, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करतं आणि म्हणतं, "याच्यावर जाईल असा दोरा द्या." बाई तुकडा घेतात, तीन-चार रिळं घेतात, काउंटरची फळी वर करतात आणि दुखरा गुडघा सांभाळत बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहतात. कापड उन्हात धरायचं, रीळ त्यावर टेकवायचं, मान तिरकी करून बघायचं. मागे पाच माणसं खोळंबलेली असोत की पंधरा, त्यांना काही फरक पडत नाही. कुणी घाईत म्हणालंच, "अहो बाई, एकोणीस-वीस चालेल," तर उत्तर ठरलेलं असतं. "तुम्हाला चालेल. मला नाही चालत."

हा हट्ट उगाच आलेला नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका वकिलाच्या काळ्या कोटासाठी बल्बखाली बघून दोरा दिला होता. वकील तो कोट घालून कामावर गेला आणि दुपारी दुकानात परत आला. त्याने सरळ बाही पुढे केली. काळ्या बाहीवर गडद निळी शिवण उन्हात लखलखत होती. त्याला सव्वीस वर्षं झाली, पण ती बाही बाईंच्या डोळ्यांपुढून हटलेली नाही. माणसाने एकदाच चुकावं आणि त्या चुकीचं भरपूर पीक काढावं, तसं त्यांनी केलं.

आठ वर्षांपूर्वी याच पायरीवर त्यांची गाठ सरांशी पडली. सर म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याला विद्यार्थी समजणारे. कोटाचं एक बटण हरवलं म्हणून आले होते. बाई बटण उन्हात धरून बघत होत्या, तेवढ्यात शटरच्या कडीवर एक फुलपाखरू येऊन बसलं. सरांनी लगेच त्याचं नाव सांगितलं, कूळ सांगितलं, सवयी सांगितल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. रंग मात्र एकशे बेचाळीस आहे."

"म्हणजे?"

बाई आत गेल्या आणि एकशे बेचाळीस नंबरचं रीळ घेऊन आल्या. फुलपाखरू अजून बसलेलंच होतं. त्यांनी रीळ वीतभर अंतरावर धरलं. सरांनी एकदा पंख पाहिला, एकदा दोरा पाहिला. तीस वर्षं त्यांनी त्या रंगाला वहीत 'फिकट विटकरी' लिहिलं होतं, आणि तो विटकरीच्या जवळपासही नव्हता.

"रविवारी सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी या," सर म्हणाले. बटण न्यायचं विसरले.

अशा रीतीने बाई फुलपाखरांच्या मंडळात शिरल्या आणि तिथे त्यांचं नाव रिळबाई पडलं. उन्हाळाभर दर रविवारी दहा-बारा माणसं एका मिनीबसमधून शहराबाहेर जात. कोरड्या ओढ्याच्या काठाने चालायचं, दगडाच्या जुन्या खाणीला वळसा घालायचा, बंद पडलेल्या पंपघरापाशी वळायचं आणि साडेदहाला मोठ्या झाडाच्या सावलीत जमायचं. घरी नवऱ्याने सुरुवातीला फार करमणूक करून घेतली. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आयुष्य वर-खाली करण्यात गेल्यामुळे आडवं चालण्यात काय मजा असते, हे त्याला कळत नाही, असं रिळबाईंचं म्हणणं. "अगं, रविवारी माणसं झोपतात," तो म्हणे. "तुम्ही झोपा, मी बघते," त्या म्हणत आणि गुडघ्याला पट्टा बांधून निघत.

मंडळाचा एक नियम होता, आणि तो सरांनीच पहिल्या वर्षी घातला होता. त्या वर्षी त्यांनी एका दुर्मिळ फुलपाखराची मोठ्या थाटात नोंद केली आणि नंतर जवळ जाऊन पाहिलं तर ते वाळकं पान निघालं. तेव्हापासून नियम असा, की एकट्याने पाहिलेलं धरायचं नाही. झाडाखाली बसल्यावर मंडळातला कंपाउंडर गळ्यात अडकवलेली कागद लावायची पाटी मांडीवर घेई आणि दिवसभराची यादी वाची. प्रत्येक नावानंतर सर विचारत, "दुसरं कुणी पाहिलं?" कुणी हात वर केला तर नाव राहायचं. नाही केला तर कंपाउंडर पट्टी ठेवून त्या नावावर लाल रेघ ओढायचा. कंपाउंडर औषधाच्या पुड्या बांधतो तितक्याच निगुतीने रेघ ओढे.

आता रिळबाई गुडघ्यामुळे कायम सगळ्यांच्या मागे. पुढचे लोक गप्पा मारत निघून जात, धूळ खाली बसे आणि मग दडून बसलेली फुलपाखरं बाहेर येत. रिळबाई घडीचं स्टूल टाकून बसत आणि पोटभर बघत. पण त्यांच्या मागे कुणीच नसे, तेव्हा दुसरं कोण बघणार? आठ उन्हाळ्यांत त्यांच्या अकरा नोंदींवर लाल रेघ आली. अकराही त्यांना तोंडपाठ आहेत. प्रत्येक वेळी जीव जळायचा, पण प्रत्येक वेळी त्या मुकाट्याने म्हणायच्या, "बरं, खोडा." नियम तो नियम.

त्या फोटो काढत नाहीत. त्यांच्याकडे शेडकार्डाच्या मापाची एक जाड वही आहे. फुलपाखरू दिसलं, की पिशवीतल्या रिळांतून त्याच्या रंगाचे दोरे काढायचे, नखाएवढे तुकडे कापायचे आणि पानावर चिकटवायचे. पंखाचा वरचा रंग, खालचा रंग, कडेचा रंग, ठिपक्याचा रंग, आणि खाली तारीख. सुरुवातीला मंडळी हसली. मग हळूहळू फोटोवरून भांडण लागलं, की "रिळबाई, वही काढा बरं" असं होऊ लागलं.

पण पंचवीस वर्षांत नियमाचं काय होतं, तेही सांगायला हवं. हात वर करणं जांभईसारखं झालं होतं. एकाने केला, की शेजारच्याचा आपोआप वर. मंडळातले डेंटिस्ट तर यादी वाचून व्हायच्या आतच म्हणत, "आम्ही दोघांनी पाहिलं." त्यांची बायको शेजारी बसून डब्याचं झाकण उघडत असे. रिळबाईंना ते दिसे. त्या बोलत नसत, कारण त्यांच्याकडे स्वतःचा हात खाली ठेवण्यापलीकडे हत्यार नव्हतं.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली आणि पुस्तिका काढायचं ठरलं. एकूण जाती भरल्या नव्व्याण्णव. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तसं झालं. सरांना शंभर हवीच होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हा आपला शेवटचा उन्हाळा हे ते जाणून होते, आणि छापखान्याने मुखपृष्ठ आधीच छापून टाकलं होतं. त्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, 'आमची शंभर फुलपाखरं'. बाळाआधी बारसं उरकण्याचा प्रकार, पण सरांना कोण बोलणार?

त्या रविवारी सर नेहमीसारखे पुढे नव्हते. दम लागला म्हणून खाणीच्या वळणावर थांबले होते. रिळबाई मागून पोचल्या, तर सर एका वाळक्या गवताच्या काडीकडे बोट रोखून उभे.

"रिळबाई, दुठिपकी."

काडीवर पंख मिटून बसलेलं करडं फुलपाखरू होतं, करंगळीच्या नखाएवढं. तसली फुलपाखरं तिथे ढिगाने असतात, त्यांना मंडळात एकठिपकी म्हणतात, कारण मागच्या पंखाच्या टोकाला एक नारिंगी ठिपका असतो. दुठिपकीला दोन असतात. तेवढाच फरक, आणि दुठिपकी त्या भागात कुणी कधी पाहिली नव्हती. रिळबाई स्टूल टाकून बसल्या आणि हातभर अंतरावरून बघू लागल्या. ठिपके दोन होते खरे. पण एक नारिंगी होता, दोनशे चौदा. दुसरा पिवळ्याकडे झुकणारा, दोनशे नऊ. एका फुलपाखराच्या अंगावर शेजारी-शेजारी दोन गिरण्यांचे दोरे कसे? तेवढ्यात त्याने कूस बदलली. दुसऱ्या बाजूच्या पंखावर एकच ठिपका होता. पिवळा ठिपका म्हणजे कुठल्याशा फुलाचा चिकटलेला पराग.

त्यांनी सांगायला मान वर केली, तर सर केव्हाच पाठ फिरवून ओरडत पुढे निघाले होते. "शंभर! शंभर झाली!"

झाडाखाली त्या दिवशी यादी वाचण्यात कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटचं नाव आलं. कंपाउंडरने घसा साफ केला. "दुठिपकी. खाणीचं वळण. सर."

सरांनी स्वतःच हसत विचारलं, "दुसरं कुणी पाहिलं?"

सगळ्या माना रिळबाईंकडे वळल्या. त्या पट्टा सैल करत होत्या. "फुलपाखरू पाहिलं. दुठिपकी नाही पाहिली."

"म्हणजे काय?" डेंटिस्ट म्हणाले.

"एकठिपकी होती. दुसरा ठिपका परागाचा. एकाच बाजूला होता आणि छटाही वेगळी होती. सर, तुम्ही वळलात तेव्हा ती फिरली."

सरांचं हसू उतरलं. "मी चाळीस वर्षं फुलपाखरं बघतोय, रिळबाई."

"मी सव्वीस वर्षं रंग बघतेय, सर."

डेंटिस्ट दातदुखीच्या माणसाला समजावतात तशा सुरात म्हणाले, "अहो बाई, हात वर करायला काय जातं? सगळ्यांच्या आनंदाचा प्रश्न आहे." रिळबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिथेच ठेवले. कंपाउंडर पट्टी हातात धरून कधी सरांकडे, कधी बाईंकडे बघत राहिला. शेवटी सर उठले आणि म्हणाले, "राहू दे. पुढच्या रविवारी बघू." रेघ काही ओढली गेली नाही. परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये रिळबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती.

बुधवारी कंपाउंडर दुकानात आला. एक पांढरं रीळ मागितलं, जे त्याला नको होतं. मग म्हणाला, "ताई, सगळ्यांनी मिळून एक विचार केलाय. तुमच्या त्या अकरा नोंदी आहेत ना, खोडलेल्या, त्या पुस्तिकेत शेवटी वेगळ्या पानावर घालू. तुमच्या नावाने. दोऱ्यांचे फोटो काढून. फक्त त्या एकीला तुम्ही हो म्हणा."

रिळबाईंना मोह झाला, खोटं कशाला बोला? अकरा. लिंबाच्या झाडावरचं काळ्या काठाचं, पंपघराच्या भिंतीवरचं, पाणवठ्याच्या चिखलात बसलेलं ते हिरव्या झाकेचं, ज्याच्यासाठी त्यांना तीन रिळं एकत्र पिळून रंग जुळवावा लागला होता. आठ वर्षं जे कुणी मानलं नाही ते छापून येणार, नावानिशी. त्यांनी काउंटरच्या फळीला हात टेकला.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी वही काढून खिडकीपाशी धरली. दोनशे चौदा आणि दोनशे नऊ शेजारी ठेवले. मागे घेतले, पुढे घेतले. नवरा पाने-पक्कड पुसत बघत होता.

"एवढं काय बघतेस? एक ठिपका इकडे की तिकडे. फुलपाखरू काही तक्रार करायला येणार नाही."

"लिफ्टची दोरी झिजली असेल आणि सगळा मजला म्हणाला, की चांगली आहे, सही करा, तर तुम्ही कराल?"

"लिफ्टमध्ये माणसं असतात, बाई."

"इथे मी असते," रिळबाई म्हणाल्या. "हे एक खोटं घातलं, की माझी अकराही खोटी. लोक म्हणतील, हिने हिचं पदरात पाडून घ्यायला त्यांचं मान्य केलं. आणि ते खरंच असेल."

नवऱ्याने पक्कड पेटीत टाकली. "मंडळातून काढतील तुला."

"काढू देत. त्या रविवारांसाठी मी आठवडाभर उभी राहते, ते मलाच माहीत आहे." मग त्यांनी वही मिटली. "पण काढल्याशिवाय मी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर आला, तेव्हा त्यांनी त्याला पायरीवर नेलं, वही उन्हात धरली आणि दोन दोरे दाखवले. "आता सांग, एकच रंग आहे?" त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. "नाही," तो म्हणाला. "मग जा आणि तसं सांग," रिळबाई म्हणाल्या.

शनिवारी डेंटिस्टांचा निरोप आला, की उद्या गाडीत जागा नाही. रविवारी सहाला रिळबाई फाटकापाशी हजर. गाडीत चढल्या, दोन बाकांच्या मधल्या वाटेत आपलं घडीचं स्टूल उघडलं आणि त्यावर बसल्या. "जागा मी आणलीय," त्या म्हणाल्या. ड्रायव्हर हसला. बाकी कुणी हसलं नाही, पण कुणी उतरायलाही सांगितलं नाही.

ओढ्यापाशी मंडळी झपाझप पुढे गेली, नेहमीपेक्षाही झपाझप. रिळबाई आपल्या चालीने निघाल्या. पंपघराच्या अलीकडे, जिथे गळक्या पाइपाखाली थोडी ओल असते, तिथे त्या बसल्या. धूळ खाली बसली. मग ओल्या मातीवर एक करडं फुलपाखरू उतरलं आणि त्याने पंख मिटले.

दोन ठिपके होते. दोन्ही दोनशे चौदा.

फुलपाखरू आपण होऊन वळलं. या बाजूलाही दोन. शिवाय पंख उघडले तेव्हा आत निळ्याऐवजी तांबूस तपकिरी रंग दिसला, एकठिपकीला तो कधीच नसतो. त्यांनी हाक मारली, "सर! अहो, इकडे या!" पुढे दूरवर टोप्या हलताना दिसत होत्या. एकही वळली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, गुडघ्याची पर्वा न करता उठून हात हलवला. टोप्या पुढच्या वळणाआड गेल्या. फुलपाखरू उडालं. रिळबाई पुन्हा स्टुलावर बसल्या, पिशवीतून रिळं काढली आणि दोरे कापून चिकटवले. घाईत दोन तुकडे वाया गेले.

झाडाखाली यादी सुरू झाली. पहिलंच नाव आलं, सरांनी विचारलं, "दुसरं कुणी पाहिलं?" आणि डेंटिस्ट सवयीने म्हणाले, "आम्ही दोघांनी पाहिलं."

"मी नाही पाहिलं," त्यांची बायको म्हणाली. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "मी तेव्हा पाणी पीत होते. आणि खरं सांगू का, गेल्या रविवारचीही निम्मी मी पाहिली नव्हती."

आपला हात वर आहे हे डेंटिस्टांच्या लक्षात आलं. थोड्या वेळाने तो खाली आला. कंपाउंडरने पट्टी ठेवली, रेघ ओढली. मग पुढचं नाव. एकाने हात वर करता करता डोकं खाजवलं. दुसरी म्हणाली, "नक्की सांगता येणार नाही." लाल रेघांमागून लाल रेघा पडत गेल्या. नेहमी चाळीसला जाणारी यादी त्या दिवशी सतरावर थांबली. पण त्या सतरांना हात वर आले ते बघण्यासारखे होते, ताठ आणि कोपरापासून.

मागच्या रविवारची दुठिपकी अजून यादीत वर तशीच होती, बिनरेघेची. सरांनी कंपाउंडरकडून लाल पेन मागून घेतलं आणि पट्टी न ठेवताच तिच्यावर रेघ ओढली. ती जरा वाकडी गेली.

"रिळबाई, तुमचं काही आहे?"

रिळबाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "दुठिपकी. पंपघराच्या अलीकडे, नऊ वाजता. मी एकटीने पाहिली."

सरांनी वही उन्हात नेली, अगदी बाईंसारखी, आणि डोळ्यांजवळ धरली. चार तुकडे नारिंगी, सगळे एका रिळातले. शेजारी तांबूस तपकिरी. त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांना पटलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"लिही," ते कंपाउंडरला म्हणाले. "शंभर. दुसरा मी."

"तुम्ही नाही पाहिली, सर."

"मला या दोऱ्यांवर विश्वास आहे."

"असू दे. पण तुम्ही तेव्हा वळणाआड गेला होतात. मी हाक मारली होती."

सरांनी मान खाली घातली. डेंटिस्ट कळवळून म्हणाले, "अहो, पण आता तर सगळेच हो म्हणताहेत. तुमचीच नोंद आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगते." रिळबाईंनी वही परत घेतली आणि छातीशी धरली. डोळे भरून आले होते, त्या लपवत बसल्या नाहीत. "अकरा खोडल्यात, ही बारावी. खोडा."

कंपाउंडरने पट्टी ठेवली आणि फार सावकाश रेघ ओढली.

पुस्तिका आली तेव्हा मुखपृष्ठावर 'शंभर' तसंच होतं, कारण छापलेलं परत गिळता येत नाही. सरांनी प्रत्येक प्रत पुढ्यात घेऊन त्या शब्दावर स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली आणि वर 'नव्व्याण्णव' लिहिलं. पण ते नंतर. त्याआधी, पुढच्याच रविवारी, रिळबाई मिनीबसमधून उतरून गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. सगळे पुढे गेले होते. मान वर केली, तर सर टोपी हातात घेऊन शेजारी उभे.

"आज मी मागे चालणार आहे," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर."

रिळबाईंनी स्टूल घडी करून काखेत मारलं. "चाला. पण मी म्हणते म्हणून हो म्हणायचं नाही."